मुळशीच्या पाण्याखाली हरवलेल्या पूर्वजाचा कागदोपत्री माग

मुळशी धरणाच्या जलाशयात ज्यांची घरेदारे बुडाली, त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीला आपला मूळ पुरुष कोण, कोणत्या गावचा, याचा शोध घ्यावासा वाटतो. निळा-मुळा संगमाजवळ टाटा कंपनीच्या वीजप्रकल्पासाठी उभारल्या जाणाऱ्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे अग्रणी. 'जान किंवा जमीन' ही घोषणा गाजली. धरण मात्र झालेच आणि पन्नासच्या आसपास गावांतील माणसे पांगली.

शोध घेणारा बहुधा प्रथम जुने सातबारे आणि फेरफार मागतो. फसगत येथेच होते. भातखाचरे कसणारे मावळे होते. पण कर्जापायी त्यांतील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेली होती. साहजिकच मोबदल्याचा मोठा वाटाही सावकारांकडे गेला. खातेदाराच्या रकान्यात नाव नाही म्हणून पूर्वज त्या गावचा नव्हताच, असे मानणे चुकीचे. कूळ किंवा वहिवाटदार म्हणून त्याचे नाव आले आहे का, ते पाहावे.

त्याहून उपयुक्त दप्तर म्हणजे गाव नमुना १४, अर्थात लोकांच्या तोंडचे 'कोतवाल बुक'. जमीन असो वा नसो, जन्म-मृत्यू सर्वांच्याच घरी होत. कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून हे नाव घरोघरी पोहोचले. या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. बाळाचे नाव सहसा नसतेच. बापाचे नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. आडनावाऐवजी 'रामा बिन लक्ष्मण' अशी मांडणी आढळते. येथे 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. एकाच गावात असे दोन रामा निघाले, तर आजोबाचे नाव जुळेपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

ते आजोबा बऱ्याचदा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत भेटतात. तेथे यात्रेकरूचे गाव, वाडवडील, भाऊबंद लिहिलेले असतात. मूळ गाव पाण्याखाली गेले, तरी यजमान पुन्हा तीर्थाला आला असेल, तर नव्या गावाची नोंद त्याच कुळाच्या पानावर पडण्याचा संभव असतो. पांगलेल्या घराण्याचे दोन तुकडे जोडणारा असा कागद महसुली दप्तरात क्वचितच मिळतो.