मेपलला वळण लावताना

इथे घर घेतलं की आपली मराठी मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात बॅकयार्डमध्ये मेथी, टोमॅटो आणि मिरच्या लावतात. मोगऱ्याची कुंडी थंडीत घरात, उन्हाळ्यात डेकवर अशी ये-जा करते. घरासमोरच्या कोवळ्या मेपलकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. बिल्डरने लावलंय, वाढेल आपलं आपण, असा सगळा हिशोब! शिकागोच्या पश्चिम उपनगरांतली आम्ही चार-पाच कुटुंबं गेली काही वर्षं एकमेकांच्या अंगणांत जाऊन या झाडांची निगा राखतो. त्यातलं सर्वांच्या उपयोगी पडेल असं थोडं इथे सांगतो.

आमच्या भागात सावलीची किंमत सगळ्यांना कळली आहे. एमराल्ड अॅश बोरर नावाची कीड २००२ साली मिशिगनमध्ये आढळली, २००६ मध्ये ती इलिनॉयमध्ये सापडली, आणि पुढच्या काही वर्षांत गल्लीच्या गल्ली अॅशची झाडं तोडावी लागली. त्यांच्या जागी लावलेली पुष्कळ झाडं अजून वाढत्या वयात आहेत. ती पन्नास वर्षं उभी राहणार की एखाद्या वादळात उभी फाटणार, हे बऱ्याच अंशी पहिल्या दहा-पंधरा वर्षांत ठरतं. म्हणून हा लेख.

‘ऑटम ब्लेझ’ या लोकप्रिय मेपलचंच उदाहरण घेऊ. रेड मेपल आणि सिल्व्हर मेपल यांचा हा संकर भराभर वाढतो आणि ऑक्टोबरात लालभडक होतो. पण त्याला एक खोड असते. एका शेंड्याऐवजी दोन-तीन सारख्याच जोराचे शेंडे तो वर काढतो. ते जिथे फुटतात ते बेचकं अरुंद असलं तर साल आतल्या आत चेपली जाते आणि लाकूड लाकडाला नीट जुळत नाही. बाहेरून झाड दिसतं डेरेदार, पण सांधा कच्चाच! झाड मोठं झालं की जुलैतल्या एखाद्या वादळात तिथेच फाटतं, आणि खाली तुमची गाडी असते किंवा छप्पर. शेंडा अंगठ्याएवढा असताना जे काम लॉपरने दोन मिनिटांत होतं, त्यालाच वीस वर्षांनी क्रेन लागते.

तरीही आपला हात धजत नाही. हिरव्या झाडाला उगाच पातं लावू नये हे लहानपणापासून ऐकलेलं. ती भावना चांगलीच आहे, पण छाटणी म्हणजे तोड नव्हे. वळण लावणं म्हणा हवं तर!

लावल्यानंतर पहिल्या वर्षी फक्त सुकलेल्या आणि मोडलेल्या फांद्या काढाव्यात. मुळं धरण्यासाठी झाडाला पानांची गरज असते. दोन-तीन वर्षांनी खरं काम सुरू करायचं. सगळ्यांत सरळ आणि जोमदार असा एकच शेंडा निवडायचा आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे आखूड करायचे. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढायची. खालच्या बारीक फांद्या मात्र एकदम साफ करू नका. त्यांच्यामुळेच खोड जाड होतं, तेव्हा त्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने काढाव्यात. एका वर्षात पाव भागाहून जास्त हिरवाई कधीही काढू नये. आणि वरून सरसकट शेंडे उडवणं तर मुळीच नको. त्यातून फुटणारे कोंब कमकुवत जोडाचे असतात.

कुठे कापायचं यालाही शास्त्र आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं. त्या कड्याच्या लगेच बाहेर काप द्यायचा. खोडाला घासून नको आणि खुंटी ठेवूनही नको. जड फांदी असेल तर तीन काप द्यावेत. खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट पहिला, त्याच्या थोडा पुढे वरून दुसरा, आणि वजन उतरल्यावर कड्यापाशी तिसरा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते.

आपल्याकडे आंब्याच्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात. तशी इथेही जखमेवर काहीतरी लावावं असं वाटतं. अमेरिकन वनखात्यातले संशोधक अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही, तर आतून भिंती घालून ती बंदिस्त करतं. योग्य जागी काप दिला की पुढचं झाड पाहून घेतं, त्यावर रंग-डांबर नको.

वेळ म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च, पानं फुटण्याआधी. तेव्हा मेपलच्या कापातून रस टपकतो. बघून जीव कळवळतो, पण झाडाला त्याने अपाय होत नाही. ओक असेल तर एप्रिल ते ऑक्टोबर हात लावू नका. ताज्या कापावर येणारे छोटे भुंगे ओक विल्ट हा जीवघेणा रोग पसरवतात.

आता मल्चबद्दल. खोडाभोवती मल्चचा उंच ढीग रचण्याची इथे फॅशनच आहे. त्याने साल कुजते. आमच्यातल्या एका वहिनींचं सूत्र सगळ्यांना पाठ झालंय: मोदक नको, मेदूवडा हवा! दोन-तीन इंच जाडीचा, मध्ये खोडाभोवती मोकळी जागा ठेवलेला. पाणी खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण १० गॅलन, कोरड्या आठवड्यात एकदा, पण सावकाश मुरेल असं. लॉनचे स्प्रिंकलर त्याला पुरत नाहीत. आधाराच्या काठ्या वर्षभराने काढून टाका, नाहीतर दोरी सालीत रुतते.

शिडीवर चढावं लागेल किंवा जवळ विजेच्या तारा असतील, तिथे हौस आवरा आणि सर्टिफाइड आर्बोरिस्टला बोलवा. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधलं झाड बहुतेक ठिकाणी गावाचं असतं, तेव्हा आधी व्हिलेजच्या ऑफिसात विचारा. नवीन झाड निवडायचं असेल तर लाइलचं मॉर्टन आर्बोरेटम मुलांना घेऊन एकदा पाहाच. १९२२ साली ते उभारणाऱ्या जॉय मॉर्टन यांच्या वडिलांनी १८७२ मध्ये नेब्रास्कात पहिला आर्बर डे सुरू केला होता. आपल्या शाळेतल्या वनमहोत्सवाचा हा इथला थोरला भाऊच म्हणायचा. फक्त गल्लीभर मेपल असतील तर आणखी एक मेपल नको. हॅकबेरी किंवा स्वॅम्प व्हाइट ओक लावा. एकाच जातीवर भिस्त ठेवली की काय होतं, ते अॅशने शिकवलंय.

तेव्हा मंडळी, येत्या फेब्रुवारीत पानं नसताना एकदा बाहेर या आणि झाडाकडे खालून वर नीट बघा. शेंडे किती आहेत ते मोजा. दोन निघाले, तर लॉपरला धार लावून ठेवा.