‘आपण’ जिंकलो, मग हरलं कोण?

क्रिकेटचा आणि स्वयंपाकघराचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मैत्रिणींनो, तिला १९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र आठवायला सांगा. आदल्याच रविवारी लक्ष्मीपूजन झालं होतं. चकल्यांचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. लागोपाठ १० सामने जिंकून आपला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला होता. लातूर काय नि नांदेड काय, दुपारी दोनच्या आत जेवणं उरकून घरोघरची मंडळी टीव्हीपुढे बसली होती.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. अहमदाबादेत आपला डाव २४० धावांत आटोपला. ऑस्ट्रेलियाचे ३ गडी ४७ धावांत बाद झाले, तेव्हा बैठकीतून पुन्हा एकदा चहाची फर्माईश आली! पण मग ट्रॅव्हिस हेडनं असं काही ठाण मांडलं, की १३७ धावा करूनच तो परतला. तब्बल ७ षटकं शिल्लक असताना सामना हातचा गेला. रोहित शर्माचे डोळे भरून आलेले सगळ्यांनी पाहिले. आणि मग घरात ती शांतता! ‘हे’ न जेवताच आडवे झाले, धाकट्यानं उशीत तोंड खुपसलं, नि पोळ्यांचा डबा होता तसाच राहिला.

‘खेळच तर आहे’ म्हणू नका

अशा वेळी आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? “इतकं काय त्यात? खेळच तर आहे!” बोलणं खरं असतं, पण त्या घडीला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं लागतं. दीड महिना जो माणूस रोज त्या अकरा जणांबरोबर मनानं मैदानात उतरला, त्याचं दुःख खोटं नसतं. शरीरालाही ते जाणवतं. जर्मनीत २००६ साली फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक भागातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या होत्या. जर्मन संघाचा सामना असेल त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या दुखण्यांचं प्रमाण एरवीच्या अडीच पटींहून जास्त भरलं. तेव्हा घरात रक्तदाबाचे किंवा हृदयविकाराचे कुणी असतील, तर सामन्याच्या दिवशी त्यांची गोळी वेळेवर गेली का, हे आधी बघा. जेवण हलकं ठेवा. छातीत दुखू लागलं, दरदरून घाम आला, तर “शेवटचं षटक होऊ दे” म्हणत थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

बाकीच्यांसाठी घरचाच उपाय. टीव्ही बंद करा. नाहीतर तीच चूक रात्री बारापर्यंत पुन्हा पुन्हा दाखवतात. मऊ खिचडी नि तूप पुढे ठेवा. कुणी काही बोलत नसेल तर बोलवू नका. मुलगा रडत असेल तर “पोरगा असून रडतोस?” हे तर मुळीच नको. रोहित रडला, मग आपल्या चिंगूनं का रडू नये? रात्र त्यांच्या दुःखाची. सकाळी मात्र गरम सुशीला परतायला घ्या, नि शाळेची बॅग हातात द्या. सुतक आठवडाभर पाळायचं नसतं.

‘आपण’ आणि ‘ते’

आता एक गंमत सांगते. पुढच्या सामन्याला घरातलं बोलणं जरा कान देऊन ऐका. जिंकलं, की “आपण जिंकलो!” आणि हरलं, की “हरले लेकाचे! यांना खेळायलाच येत नाही!” रॉबर्ट चाल्डिनी नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हेच दाखवून दिलं. विद्यापीठातल्या मुलांना फोन करून त्यांच्या फुटबॉल संघाच्या सामन्याबद्दल विचारलं. संघ जिंकलेला असला तर मुलं ‘आपण’ म्हणत; हरलेला असला तर तोच संघ ‘ते’ होई. म्हणजे बघा, माणसाचा स्वभाव इथूनतिथून सारखाच!

पण या ‘ते’मधूनच पुढे शिव्या निघतात. २०२३ च्या त्या रात्री समाजमाध्यमांवर काय काय लिहिलं गेलं! हेडच्या पत्नीला आणि तान्ह्या लेकीलाही लोकांनी सोडलं नाही. त्या माउलीनं काय झेल सोडला होता? आपल्या घरातला मोबाइल अशा घाणीला हातभार लावत नाही ना, एवढं तरी आपण बघायलाच हवं.

आणि ही खोड काही मैदानापुरती राहत नाही. तुम्हीच आठवून बघा. पोराला पंच्याण्णव टक्के पडले, की “आमचा मुलगा!” आणि नीटमध्ये मार्क घसरले, की “बघ, तुझा लेक काय करून बसलाय!” आपलं लातूर तर परीक्षांचंच गाव. नांदेडपासून नि कुठून कुठून मुलं इथं क्लासला येऊन राहतात. निकालाच्या दिवशी जे पोर मागं पडतं, ते आईबापांच्या तोंडचा पहिला शब्द ऐकत असतं, ‘आपण’ की ‘तू’? बाप हरलेल्या संघाला कसा बोलतो, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं. आपण हरलो तर आपल्यालाही असंच बोलतील, हा धडा त्यानं तिथंच घेतलेला असतो.

नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधवचंच उदाहरण घ्या. अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, पॅरालिम्पिकमध्ये, ती गोळाफेक करते. टोकियोत ती सातवी आली, २०२४ साली पॅरिसला पाचवी. तिथं उद्घाटनाला देशाचा झेंडाही तिच्या हाती होता. पदक हुकलं. पण सातवीची पाचवी झाली, हे आपल्या मुलींना किती जणींनी सांगितलं? पदक मिळालं असतं तर ‘आपली भाग्यश्री’ म्हणत सारं गाव पेढे वाटत फिरलं असतं, नाही का?

आणि तुमचं काय?

मैत्रिणींनो, सगळ्यांना समजावता समजावता एक माणूस राहूनच जातं. ते म्हणजे तुम्ही! दाराच्या चौकटीला टेकून, हातात उलथणं घेऊन सामना बघणारी बाईसुद्धा हरतेच की. तिला कोण विचारतं?

२३ जुलै २०१७ आठवतो? लंडनला लॉर्ड्सच्या मैदानावर मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. इंग्लंडच्या २२८ धावा. मुंबईच्या पूनम राऊतनं ८६ धावा केल्या, ३ बाद १९१ अशी मजल गाठली होती. आणि मग २८ धावांत ७ गडी गेले! अवघ्या ९ धावांनी हार. सांगलीची स्मृती मानधना त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती. पण तिनं बॅट खाली ठेवली नाही. हरमनप्रीत कौरनं नाही, दीप्ती शर्मानंही नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत याच तिघी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून जगज्जेत्या झाल्या.

त्या रात्री त्यांनी काय केलं, ते घरी मुलांना जरूर सांगा. २०१७ साली हरलेल्या संघाची कर्णधार मिताली राज आणि गोलंदाज झुलन गोस्वामी, दोघीही आता निवृत्त. कपाला त्यांचे हात कधी लागले नव्हते. या मुलींनी त्यांना मैदानात बोलावलं आणि कप त्यांच्या हाती दिला. हरलेल्यांना ‘ते’ म्हणून बाजूला सारलं नाही, ‘आपण’ म्हणून जवळ घेतलं.

तेव्हा पुढचा मोठा सामना असेल त्या दिवशी एवढं करा. भाजी सकाळीच करून ठेवा, चहाचं काम आळीपाळीनं सगळ्यांना वाटून द्या, आणि स्वतः बैठकीत, सगळ्यांच्या मधोमध बसून सामना बघा. जिंकलो तर ओरडा. हरलो, तर “आपण हरलो” असं सगळ्यांत आधी तुम्हीच म्हणा, आणि मग सगळे मिळून पानं घ्यायला उठा!