मधल्या वर्षांचे काय झाले?

अलीकडे विद्यार्थ्यांच्या वाचनात, आणि त्याहून अधिक ऐकण्यात, एक नवा प्रकार आला आहे. तो म्हणजे संगणकाच्या व्यवसायात नाव मिळवलेल्या माणसांच्या मुलाखती. पूर्वी नट, गायक, क्रिकेटपटू आणि क्वचित साहित्यिक यांना जे प्रश्न विचारले जात, ते आता कंपन्यांच्या संस्थापकांना विचारले जातात. कल्पना कशी सुचली? भांडवल कोठून आणले? धंदा वाढवला कसा? आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे, आजच्या तरुणांना काय सांगाल? हा शेवटचा प्रश्न आला की ऐकण्यासारखे संपले असे खुशाल समजावे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याचा या मुलाखतींशी संबंध काय, असे कोणी विचारील. एक संबंध पोटापाण्याचा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण पुढे याच व्यवसायाच्या कोणत्या ना कोणत्या कोपऱ्यात नोकरी शोधणार आहेत, आणि काहीजण तर या मुलाखती ऐकून आपणही एखादा धंदा काढावा अशी स्वप्ने आताच रंगवू लागले आहेत. दुसरा संबंध अभ्यासाचा आहे. बखर कशी वाचावी, आत्मचरित्रावर कितपत विश्वास ठेवावा, सांगणारा कोण, तो केव्हा सांगतो आहे आणि काय गाळतो आहे, हे आपण वर्गात शिकतो. मग हेच प्रश्न मुलाखतीला विचारायला काय हरकत आहे?

तसे विचारू लागल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या मुलाखतींत आरंभ फार रंगवून सांगितलेला असतो. यशाचा दिवसही तारीखवार सांगितलेला असतो. मधली आठ, दहा किंवा बारा वर्षे मात्र एका वाक्यात उरकलेली असतात : ‘सुरुवातीला थोडा त्रास झाला, पण आम्ही टिकून राहिलो.’ माझे म्हणणे असे की, धंदा वाढतो कसा याचे उत्तर बहुधा त्या एका वाक्यातच दडलेले असते.

आधी शब्दाविषयी थोडे. या मंडळींच्या बोलण्यात ‘इनोव्हेशन’ हा शब्द पावलोपावली येतो. आपण त्याला ‘नवोन्मेष’ म्हणतो. प्रतिशब्द जरा बोजड आहे खरा. पण त्यातला ‘उन्मेष’ अर्थपूर्ण आहे. उन्मेष म्हणजे डोळा उघडणे. प्रतिभेची चर्चा करताना जुन्या काव्यशास्त्रकारांनीही हाच शब्द वापरला आहे. नवे यंत्र बनवणे असा त्याचा अर्थ नाही. समोर असलेली गोष्ट दिसू लागणे, असा आहे. मुलाखतींतील हकीकती पाहिल्या तर इंग्रजी शब्दापेक्षा हा मराठी शब्दच त्यांना अधिक लागू पडतो.

रेडबस या कंपनीची हकीकत पाहा. २००५ च्या दिवाळीत बेंगळुरूला नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा या तरुण अभियंत्याला गावी जायला बसचे तिकीट मिळाले नाही. सणाच्या तोंडावर तिकीट न मिळणे हा आपल्या देशात काही शोध नव्हे, एस.टी. स्थानकावर ज्याने दिवाळीची पहाट काढली आहे त्याला ते कोणी सांगायला नको. परंतु सामा यांच्या असे लक्षात आले की, कोठल्या ना कोठल्या गाडीत जागा असणारच. ती कोणत्या दलालाकडे आहे हे कळायला मार्ग नाही, एवढीच अडचण आहे. दोन मित्रांना घेऊन त्यांनी २००६ मध्ये कंपनी काढली. येथपर्यंतचा भाग प्रत्येक मुलाखतीत येतो. त्यापुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. या तिघांनी प्रथम बसमालकांसाठी संगणकाचा कार्यक्रम तयार केला आणि तो घेऊन ते दारोदार फिरले. पण तो कोणाला नको होता. मालकाचे काम वहीवर आणि फोनवर चालले होते. तेव्हा त्यांनी मागणे बदलले. तुमची वही तुमच्यापाशीच असू द्या. आम्हाला विकायला चार जागा तेवढ्या द्या, असे ते म्हणू लागले. मूठभर जागा मिळाल्या, त्या विकल्या गेल्या, आणि मग दार हळूहळू उघडले. म्हणजे जे यंत्र आपण मोठ्या हौसेने बनवले ते बाजूला ठेवायची तयारी त्यांना दाखवावी लागली. २०१३ मध्ये ही कंपनी मोठ्या रकमेला विकली गेली. ती बातमी सर्वांना ठाऊक असते. दारोदार फिरण्याचे दिवस मात्र एका वाक्यात संपतात.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर पुण्याच्या काटकर बंधूंचे घ्यावे. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. दुरुस्तीच्या कामासाठी बँकेत जाणेयेणे असे, आणि तेथेच संगणक प्रथम दृष्टीस पडला. पुढे स्वतःचे छोटेसे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय यांना मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकायला घातले.

आता त्या काळचा संगणक कसा आजारी पडत असे ते सांगितले पाहिजे, कारण पुढचा सारा धंदा त्या आजारावर उभा आहे. तेव्हा माहितीची नेआण फ्लॉपी नावाच्या पातळ चौकोनी तबकडीवरून होई. या तबकडीच्या अगदी पहिल्या भागात संगणक सुरू होताना वाचायच्या सूचना असतात. कोणी खोडसाळ माणूस तेथे स्वतःच्या सूचना लपवून ठेवी. तशी फ्लॉपी यंत्रात राहिली आणि यंत्र सुरू केले, की त्या सूचना आतल्या मोठ्या तबकडीवर जाऊन बसत. आणि त्यानंतर त्या यंत्रात जी जी फ्लॉपी घातली जाई ती ती बाधित होई. साथीच्या रोगासारखाच हा प्रकार, म्हणून नावही व्हायरस. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस तर त्या थोर शिल्पकाराच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ६ मार्चपर्यंत, निमूटपणे दडून राही आणि त्या दिवशी तबकडीवरची माहिती पुसून टाकी. १९९२ च्या मार्चमध्ये त्याने जगभर घबराट उडवून दिली होती. (कलेच्या इतिहासाचा इतका दुष्ट उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.)

आता विचार करा, असे आजारी संगणक रोज कोणापुढे येत असतील? मोठ्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञापुढे नव्हेत. दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या माणसापुढे. गिऱ्हाईक यंत्र घेऊन येई, आणि नीट करून दिलेले यंत्र पंधरा दिवसांनी त्याच दुखण्याने परत येई. संजय यांनी अशा व्हायरसवर उतारा म्हणून छोटे छोटे कार्यक्रम लिहिले. ते एकत्र करून १९९५ मध्ये विक्रीस ठेवले. क्विक हील या नावाचा उगम हा असा आहे. डॉक्टरांच्या आधी कंपाउंडरला साथ कळते म्हणतात, तसेच काहीसे.

येथून पुढची बारा वर्षे कशी गेली, हा खरा प्रश्न. कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले ते २००७ मध्ये. सिकोया या भांडवल पुरवणाऱ्या संस्थेने ६० कोटी रुपये गुंतवले ते २०१० मध्ये, आणि शेअर बाजारात नोंद झाली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये. मुलाखतीत ६० कोटींचा आकडा मथळ्यात येतो. पण ते आले तेव्हा उत्पादनाला १५ वर्षे झाली होती. या १५ वर्षांत दोन कामे चालू होती. एक, दर वेळी नवा व्हायरस आला की नवा उतारा लिहिणे. हे काम कधीच संपत नाही, कारण चोर नवी युक्ती काढणारच. दुसरे, गावोगावच्या संगणक विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांना आपलेसे करणे. तालुक्याच्या गावच्या माणसाचा परदेशी कंपनीच्या जाहिरातीवर विश्वास नसतो. आपले यंत्र नीट करून देणाऱ्या दुकानदारावर असतो. तो म्हणाला, ‘हे टाका’, की टाकतो. काटकर स्वतः दुरुस्तीच्या बाकावरून आलेले. त्यांना हे कळले यात नवल नाही. माझ्या मते हा त्यांचा दुसरा उन्मेष, आणि पहिल्याइतकाच मोठा.

विश्वासाचा हा मुद्दा फ्लिपकार्टच्या हकीकतीतही आहे. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये पुस्तके घरपोच विकायला प्रारंभ केला. पहिली मागणी आलेले पुस्तक मिळवण्यासाठी त्यांना बेंगळुरूची दुकाने पालथी घालावी लागली, ही आठवण नेहमी सांगितली जाते. परंतु अनोळखी माणसाला आगाऊ पैसे द्यायला आपला ग्राहक तयार नव्हता. २०१० मध्ये त्यांनी वस्तू हातात पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली, आणि विक्रीचा ओघ बदलला. मुलाखतींत हिचे वर्णन नवोन्मेष म्हणून येते तेव्हा हसू येते. पोस्टाची व्ही.पी. म्हणजे दुसरे काय होते? मराठी प्रकाशकांनी आणि पंचांगवाल्यांनी कितीतरी वर्षे आपली पुस्तके व्ही.पी.ने खेडोपाडी पाठवली. अर्थात जुनी सोय नव्या धंद्यात योग्य वेळी आठवणे यालाही अक्कल लागतेच. ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

आतापर्यंत माणसांच्या चिकाटीविषयी लिहिले. मधल्या वर्षांत आणखीही काही असते, आणि ते सांगणाऱ्याच्या हातातले नसते. इन्फोसिसची कथा त्या दृष्टीने पाहावी. जुलै १९८१ मध्ये पुण्यात सातजणांनी ही कंपनी काढली. नारायण मूर्तींना त्यांच्या पत्नी सुधाताईंनी १०,००० रुपये दिले. हे १०,००० रुपये आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. त्यानंतर काय झाले? स्वतःचा संगणक नव्हता. तो परदेशातून आणायला सरकारी परवाना हवा, परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा. फोन मिळायलाही तिष्ठत बसावे लागले. १९८३ मध्ये बिऱ्हाड पुण्याहून बेंगळुरूला हलले. संगणक-कंपनी आणि संगणक नाही, अशी ती अवस्था होती!

१९९० मध्ये कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आला. किंमत सुमारे १० लाख डॉलर. नऊ वर्षांच्या ओढाताणीने थकलेल्या सहकाऱ्यांना तो बरा वाटला. मूर्तींनी उलट त्यांचेच भाग विकत घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा सगळे थांबले. ही आठवण मूर्तींनी २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील भाषणात सांगितली आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे. पण तिच्या शेजारी दुसऱ्या काही तारखा मांडून पाहाव्यात. परकीय चलनाच्या कायद्यामुळे आय.बी.एम. ही बलाढ्य कंपनी १९७८ मध्ये भारत सोडून गेली होती, आणि देशी कंपन्यांना मोकळी जागा मिळाली होती. १९८४ मध्ये सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर करून आयात सैल केली. १९९१ मध्ये परवान्यांची पद्धत मोडीत निघाली आणि त्याच वर्षी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. म्हणजे विकायचे नाही असे ठरल्यावर वर्षभरातच वारा फिरला. तो फिरणार हे १९९० च्या त्या बैठकीत कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीसुद्धा १९९३ मध्ये कंपनीने लोकांना भाग विकायला काढले तेव्हा प्रतिसाद पुरेसा आला नाहीच! चिकाटी नसती तर वाऱ्याचा उपयोग झाला नसता, आणि वारा नसता तर चिकाटीचे काय झाले असते, ते आपल्याला कोणी सांगितले नसते. कारण ज्यांच्यासाठी वारा फिरला नाही त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. १९९० मध्ये तितक्याच निष्ठेने थांबलेले आणि पुढे बुडालेले कोणी असतील, तर त्यांचे १०,००० रुपये कोणाला पाठ नाहीत.

स्वतःच्या क्षेत्राविषयी यशाच्या पलीकडे जाऊन बोलणारी माणसेही या मंडळींत आहेत. फकीरचंद कोहली हे त्यांतले ज्येष्ठ. १९२४ मध्ये पेशावरला जन्म, मूळ विद्या विजेची; १९६९ मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सीचे काम त्यांच्याकडे आले. या व्यवसायाचे जनक म्हणून त्यांचा गौरव होई. पण बोलण्याची संधी मिळाली की ते या व्यवसायाने काय केले नाही हेही सांगत. संगणक भारतीय भाषांतून चालल्याशिवाय येथील बहुसंख्यांना त्याचा उपयोग नाही, हे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, २००० मध्ये, त्यांनी प्रौढांना वाचायला शिकवणारा एक संगणकीय कार्यक्रम सुरू केला. आरंभ तेलुगूतून मेडक जिल्ह्यात झाला. पुढे मराठीसह इतर भाषांत तो तयार झाला. त्यासाठी नवी यंत्रे लागत नसत. कार्यालयांनी मोडीत काढलेले संगणक चालत. मुळाक्षरे घोकून घेण्याऐवजी ओळखीचा शब्दच पडद्यावर आणायचा, बाहुल्यांच्या खेळासारख्या हलत्या चित्रांनी तो सुटा करून दाखवायचा आणि पुन्हा जुळवायचा, अशी पद्धत होती. दिवसभराचे काम आटोपून आलेली माणसे अशा ४०–४५ तासांत साधे वर्तमानपत्र लावून वाचू लागत. लिहायला शिकवण्यावर भर नव्हता. कोहलींचे म्हणणे, आधी बसवरची पाटी आणि औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचता येऊ द्या. लिहिण्याचे नंतर पाहू.