चौदा रकान्यांतली चोपडी

पणजोबांच्या ट्रंकेत लावण्यांची एक चोपडी निघाली. शिळाछाप, बत्तीस पृष्ठे, मुखपृष्ठ गळून गेलेले. लावण्या चार-पाच शाहिरांच्या, त्यामुळे नाममुद्रेवरूनही पत्ता लागेना. ती कुणी, कुठे, कधी छापली? शंकर गणेश दाते यांच्या १८०० ते १९३७ या काळाच्या ‘मराठी ग्रंथसूची’त बरेच धुंडाळले, पण जिला नावच उरलेले नाही ती चोपडी सूचीत शोधणार कशी? शेवटी मुंबईला टाउन हॉलच्या पायऱ्या चढलो. त्या तीस आहेत, आणि पन्नाशीनंतर त्या मोजल्या जातातच.

ही इमारत १८३३ साली पूर्ण झाली. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. तिचे मूळ सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये स्थापलेल्या लिटररी सोसायटीत. माणेकजी करसेटजी हे तिचे पहिले भारतीय सभासद १८४० मध्ये झाले, म्हणजे तोवर छत्तीस वर्षे गेली होती. दालनातल्या संगमरवरी साहेबांकडे पाहताना हा आकडा मनातून जात नाही. अशा ठिकाणी मी आण्या-दोन आण्यांच्या चोपडीचा माग काढायला आलो होतो!

तो माग सापडू शकतो, याचे कारण १८६७ चा पंचविसावा कायदा. सत्तावनच्या उठावाला जेमतेम दहा वर्षे झाली होती. देशी भाषांत काय छापले जाते, हे सरकारला कळायला हवे होते. म्हणून छापखान्यांची नोंद सक्तीची झाली आणि प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती सरकारात जमा करणे मुद्रकावर बंधनकारक झाले. जमा पुस्तकांची यादी दर तीन महिन्यांनी सरकारी गॅझेटात छापली जाई. हेतू पाळतीचा होता, यात मला शंका नाही. मात्र कायद्याच्या लांबलचक नावात पुस्तकांच्या ‘जतना’चाही उल्लेख आहे, आणि पाळतीपेक्षा तेच अधिक टिकले.

यादीत कोणती माहिती द्यायची, हे कायद्यानेच ठरवून दिले होते. नाव व त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, कर्ता, विषय, मुद्रक-प्रकाशक, पृष्ठे, आकार, आवृत्ती, किंमत असे रकाने. पुस्तक खिळ्यांनी छापले की शिळेवर, हेसुद्धा. माझ्या मते सर्वांत मोलाचे रकाने दोन: आवृत्तीच्या प्रती किती आणि मालकी हक्क कुणाचा. वाङ्मयेतिहासात ज्या चोपडीला एक ओळ मिळत नाही, ती किती हातांत गेली असेल याचा अंदाज इथे बांधता येतो. आणि लावण्या शाहिराच्या असल्या तरी हक्क त्याच्याकडे होता की पुस्तकविक्याकडे, तेही दिसते.

मात्र यादीत नाही म्हणजे छापलेच नाही, असे समजू नये. १८६७ पूर्वीची पुस्तके तिच्यात नाहीत. कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, म्हणून संस्थानांतल्या छापखान्यांसाठी वेगळीकडे शोधावे लागते. शिवाय ज्या मुद्रकाने प्रत जमाच केली नाही त्याचे काय? अभ्यासकांकडून ही चूक वारंवार होते. माझ्याकडूनही झाली आहे.

जुन्या खंडांची पाने हाताखाली तुटतात. तीन दिवसांनी माझ्या चोपडीशी जुळतील अशा दोन नोंदी मिळाल्या, एक पुण्याची, एक मुंबईची. दोन्ही शिळाछाप, दोन्ही बत्तीस पृष्ठांच्या. आकारावरून निवाडा झाला असता, पण आमच्या घरात कुणीतरी ती चोपडी पुन्हा शिवताना कडा कापून टाकल्या आहेत. आता एक वाट उरते. शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षर जसेच्या तसे उमटते. त्या दोन छापखान्यांची इतर पुस्तके मिळवून त्यांतले ‘ळ’ आणि ‘ण’ माझ्या चोपडीशी ताडून पाहायचे आहेत. मुंबईच्या छापखान्याचे एक पुस्तक मिळाले आहे. पुण्याचे अजून नाही.