छडीआधी चौकशी

मिरजगावसारख्या मोठ्या गावातील शाळेत बहुधा प्रत्येक इयत्तेला एखादा ‘वांड’ मुलगा ठरलेला असतो. तो जागेवर टिकत नाही, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो, आठवड्याला एक पेन्सिल हरवतो. शाळा म्हणते, घरच्यांनी लाडावून ठेवला. घरचे म्हणतात, शाळेत धाक उरला नाही. दोन्ही निवाडे तयार असतात; चौकशी मात्र कोणीच केलेली नसते.

वस्तुतः वैद्यकशास्त्राने ही चौकशी केव्हाच आरंभिली आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांतून केले. आज या अवस्थेला अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणतात. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभरांत सुमारे ५ मुलांत ती आढळते. तिचे मूळ मेंदूच्या घडणीत आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत आहे; आईच्या लाडात नव्हे. अर्थात, प्रत्येक चंचल मूल या सदरात बसत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आतील, किमान ६ महिने टिकलेली आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसणारी हवीत. कमी ऐकू येणारे, उपाशीपोटी आलेले किंवा ऊसतोडणीमागे हिंडताना शाळा तुटलेले मूलही असेच अस्वस्थ दिसू शकते. उलट, खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी एखादी मुलगी याच अवस्थेतील असूनही नजरेतून सुटते.

या मुलांच्या वर्तनाचे मर्म त्यांच्या काळाच्या हिशेबात आहे. दूरचा लाभ त्यांना फार लहान वाटतो आणि हाताशी असलेला फार मोठा. म्हणून वर्षअखेरीच्या सायकलीचे आमिष फुकट जाते. दहा मिनिटे नीट बसल्यावर लगेच मिळालेली शाबासकी कामी येते. संध्याकाळचा मार सकाळच्या चुकीशी जोडलाच जात नाही; त्यातून मूल शिकते ते चूक लपविणे. पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, कामाचे लहान भाग, मध्येच फळा पुसण्याचे काम आणि नियम मोडल्यास सौम्य, पण तत्काळ व दरवेळी तोच परिणाम, या उपायांना पैसा लागत नाही; चिकाटी लागते. वयाच्या सहाव्या वर्षानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधेही उपयोगी पडतात. त्याआधी पालकांचे प्रशिक्षण हाच पहिला उपाय होय.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या अवस्थेचा समावेश आहे, आणि त्याच्या पथकाने सरकारी शाळेला वर्षातून एकदा भेट देणे अपेक्षित आहे. परंतु एका दिवसाच्या भेटीत वर्षभराचे वर्तन कसे दिसणार? ते शिक्षकानेच पाहिलेले असते. त्याने दोन-तीन महिन्यांच्या नोंदी पथकापुढे ठेवल्या, तर मुलाला योग्य ठिकाणी पाठविता येईल, आणि रोजंदारीवरच्या बापाचा जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात बुडालेला दिवस व्यर्थ जाणार नाही. नोंदींऐवजी छडी उचलली, तर ते मूल ‘वांड’ हाच शिक्का घेऊन एक दिवस शाळा सोडील.