चौथी तार

चिकलठाणा, वाळूज अथवा शेंद्रा येथील एखाद्या कारखान्याच्या पॅनेलरूमचे दार उघडले, तर राखाडी पत्र्याच्या कपाटांवर दाबमापकाचा काटा 11 केव्हीच्या खुणेपाशी स्वस्थ उभा दिसतो. व्यवस्थापकापासून वायरमनपर्यंत सर्वांचा त्याच्यावर इतका भरवसा असतो, की त्याला प्रत्यक्षात मिळतात ते अवघे 110 व्होल्ट, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. उच्चदाबाची ही वर्दी शंभरास एक या प्रमाणात मीटराला व रिलेला पोचविणारा जो अव्वल कारकून, त्याचेच नाव दाब-रोहित्र. कामगारांच्या बोलीत ‘पीटी’.

हे पीटी दोन बसवावेत की तीन, हा प्रश्न खरेदीखात्याच्या दप्तरात काटकसरीचा म्हणून येतो. वस्तुतः तो साक्षीपुराव्याचा आहे.

दोन पीटींच्या रीतीत एक आर व वाय या फेजांमध्ये बसतो, दुसरा वाय व बी यांमध्ये. तिसऱ्या जोडीचा दाब या दोहोंवरून आपसूक निघतो. वीजमोजणीसही एवढे पुरते, कारण आन्द्रे ब्लाँडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1893 साली शिकागोच्या विद्युत-परिषदेत मांडलेल्या सिद्धान्तानुसार जितक्या तारा, त्यांहून एक कमी वॅटमीटर असला की हिशेब चोख होतो. मात्र त्यात एक अट दडलेली आहे: प्रवाहाला मोजलेल्या तारांखेरीज अन्य वाट असता कामा नये. आपल्याकडील 33/11 केव्ही उपकेंद्रांत रोहित्राचा 11 केव्ही न्यूट्रल सामान्यतः थेट जमिनीशी जोडलेला असतो, आणि त्यामुळे पृथ्वी हीच न ओढलेली चौथी तार ठरते.

या चौथ्या तारेचे मोल कळते ते ती नाहीशी झाल्यावर. समजा, एखादा कारखाना आपले जनित्र महावितरणच्या वाहिनीशी समांतर चालवितो, आणि त्याच्या रोहित्राची 11 केव्ही बाजू डेल्टा जोडणीची आहे. मृगाच्या पहिल्या सरीत उपकेंद्राकडील ब्रेकर उघडला, जनित्र मात्र चालूच राहिले, तर तेवढ्या भागाचा जमिनीशी असलेला आधार तुटतो. अशा वेळी आर फेज ओल्या खांबाला टेकला, तरी तिन्ही जोड्यांमधले दाब 11 केव्हीच राहतात. सिलेक्टर स्विच कितीही फिरवा, काटा हलत नाही. जमिनीच्या तुलनेत मोजाल तर आरचा दाब शून्यावर आलेला, आणि वाय व बी यांचा 6.35 वरून 11 केव्हीवर चढलेला असतो. दोन पीटी खोटे बोलत नाहीत. जमिनीची गोष्ट त्यांना कोणी विचारलेलीच नसते.

तीन पीटी स्टारमध्ये जोडून त्यांच्या प्राथमिक गुंडाळ्यांचा मध्यबिंदू जमिनीस दिला, म्हणजे ही साक्ष मिळते. प्रत्येकाची 110/3 व्होल्टांची जादा गुंडाळी ओपन डेल्टात जोडली, तर निरोगी अवस्थेत तिच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य, आणि वरील दोषात 110 व्होल्ट येतात. तेवढा इशारा रिलेला पुरतो.

या साक्षीची किंमतही मोजावी लागते. असे पीटी तीन स्वतंत्र एकफेजी तरी हवेत, नाहीतर पाच दांड्यांच्या गाभ्याचे, कारण तीन दांड्यांच्या गाभ्यात दोषाच्या वेळच्या असंतुलित चुंबकप्रवाहाला परतीचा मार्ग नसतो. अर्थिंग नसलेल्या जाळ्यात त्यांनी 1.9 पट दाब, दोष आपोआप तोडला जात असेल तर 30 सेकंद आणि जात नसेल तर 8 तास, सोसला पाहिजे. शिवाय त्यांचा लोखंडी गाभा व केबलची धारिता यांचे सूत जुळून फेरोरेझोनन्स उद्भवला, तर पीटीच जळतो. त्यावर उतारा म्हणून ओपन डेल्टात रोधक जोडतात.

तेव्हा दरपत्रके मागविण्यापूर्वी दोन प्रश्नांचा खुलासा करून घ्यावा: पुरवठ्याचा न्यूट्रल जमिनीशी कसा जोडला आहे, आणि आपल्या आवारात वीज निर्माण होते काय. केवळ समकालन वा दोन फेजांमधील दाबाची देखरेख एवढेच काम असेल, तर दोन पीटी पुष्कळ झाले. जमिनीचा दोष दाबावरून ओळखायचा असेल, तर तिसऱ्याला पर्याय नाही.