तास घटले, चूल तीच

पगाराचे पाकीट हलके झाले की घरातली बाई आधी हिशेबाची वही उघडते. किराणा, भाडे, मुलांची फी; यातले काय पुढे ढकलायचे?

जर्मनीत मंदीच्या दिवसांत कारखाने माणसे काढण्याऐवजी कामाचे तास कमी करतात. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के रक्कम बेकारी विम्यातून मिळते. हा विमा मालक व कामगार दोघांच्या वर्गणीवर चालतो. समजा, २,००० युरोंचे १,२०० झाले. बुडालेल्या ८०० पैकी ५३६ परत येतात. खड्डा उरतो २६४ चा. घरभाडे काही तास पाहून घटत नाही! म्हणूनच २०२० च्या साथीत, कपात लांबलेल्या कुटुंबांसाठी ही भरपाई ८७ टक्क्यांपर्यंत नेली गेली.

आपल्याकडे १९५३ साली ठरावीक आकाराच्या कारखान्यांत ‘ले-ऑफ’ मिळालेल्यांना मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम देण्याची तरतूद झाली, तीही मालकाच्या खिशातून. गिरणीच्या दारात ताटकळणारा बदली कामगार त्यातून वगळलेलाच. गिरणगावात कित्येक घरांची तूट भरून काढली ती खानावळ चालवणाऱ्या बायकांनी.

मदतीने खड्डा पुरता बुजत नाही, हे खरे. पण मंगळसूत्र सावकाराकडे जायचे वाचते, हेही थोडे नाही.